कानाच्या मशीनचा सेल

संपलेला सेल हातात आला की खालचे अण्णा तो आधी गालाला लावायचे. ताप बघावा तसा. डोळे मिटून जरा थांबायचे आणि म्हणायचे, "टाकू नका अक्का. स्वल्प जीव हाय अजून."

मग तो सेल दुकानाच्या पायरीवर उन्हात जायचा. तिथे त्याचे दोन-चार भाऊबंद आधीच पडलेले असायचे. ऊन खाल्लेला सेल पुन्हा ट्रान्झिस्टरमध्ये, तिथेही खरखरायला लागला की भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळ बिचारं काहीही चालवून घ्यायचं.

अण्णा म्हणजे कोरमंगलातल्या आमच्या घराखालचे शिंपी. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या दुकानात कामाला येणारे कमी आणि बसायला येणारे जास्त. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बेंगळुरात गेलेलं, त्यामुळे बोलणं निम्मं कन्नड. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला अक्का म्हणायचे. इथली रीतच आहे ती, मला ठाऊक होतं. तरी राग यायचा. खरं सांगायचं तर त्यांच्या सगळ्याच गोष्टींचा राग यायचा, कारण या माणसाने माझे बाबा पळवले होते.

आई गेल्यावर बाबांना मी पुण्याहून माझ्याकडे आणलं. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, कान गेलेले. शर्टाच्या खिशात काड्यापेटीहून थोडी मोठी डबी, तिच्यात एक पेन्सिल सेल आणि तिथून कानापर्यंत वायर, असं त्यांचं मशीन. मी सकाळी कंपनीच्या बसने इलेक्ट्रॉनिक सिटीला जायची. दिवसभर इंग्रजी नाहीतर हिंदी. कधी एकदा घरी जाते आणि बाबांशी घडाघडा मराठीत बोलते असं व्हायचं. चपला काढता काढता मी सुरुवात करायची, आणि बाबा शांतपणे कानातली वायर काढून डबी फळीवर ठेवून द्यायचे. "उद्या बोलू गं. उगाच सेल उतरतो."

मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. घरात सेलची पाकिटंच्या पाकिटं आणून ठेवली होती. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते हे. दुसऱ्या दिवशी बसची वाट बघत उभी असले की दिसायचं, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, कानात वायर लावून अण्णांच्या स्टुलावर हजर. आणि हसताहेत. दात दाखवून! मला आठवतंय तेव्हापासून माझ्या एकाही विनोदाला ते हसले नव्हते.

जळफळाट म्हणजे काय ते मला त्या स्टुलाने शिकवलं. सूड म्हणून मी माझा ब्लाउज मुद्दाम दुसऱ्या शिंप्याकडे टाकला. तो असा काही शिवून आला की श्वास घेता येईना. शेवटी अण्णांकडेच न्यावा लागला. त्यांनी एक शब्द विचारला नाही. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, म्हणत उसवला आणि नीट करून दिला. एखादा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

एकदा मात्र मी त्यांना पकडलंच. बाबांनी शाळेत शिकवलेला धडा मला तोंडपाठ होता: कोरडा घट, म्हणजे आपला सेल, नावाचाच कोरडा, आतला मसाला ओलसर असतो म्हणून तो चालतो, पार वाळला की संपला. मी पायरीवर उभी राहून अण्णांना खणखणीत आवाजात सांगितलं की उन्हात ठेवून तुम्ही सेल जगवत नाही, वाळवून मारताय, हवं तर मास्तरांना विचारा. अण्णांनी बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. एवढ्याशा चुकीसाठी पोरांना बाकावर उभं करणारे माझे वडील! ते म्हणाले, "असू दे गं. त्याला बरं वाटतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग एका शनिवारी मला सुट्टी होती. नवा सेल घेतला आणि खाली गेले. म्हटलं, बघूया तरी हा माणूस असं काय बोलतो. अण्णा पाय मारत मशीन चालवत होते आणि कुठल्याशा लग्नातल्या जेवणाची गोष्ट सांगत होते. बाबा वायर लावून मान डोलावत होते. मी बाबांच्या खिशातून डबी काढून उघडली. आत सेलच नव्हता.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी कात्रीने भिंतीकडे दाखवलं. "घड्याळ थांबलं होतं. मास्तरांनीच काढून दिला."

"कधी?"

"झाले की लई दिवस."

"मग तुमचं बोलणं त्यांना ऐकू कसं येतं?"

"येत नाही की, अक्का," अण्णा म्हणाले. "बसतात. सरी झालं."

मी वर आले आणि भांडी आपटत रडले. इतके दिवस वाटायचं, त्यांच्या गोष्टी माझ्यापेक्षा रंगतदार असतील. तेवढ्याशी बरोबरी करता आली असती. पण एक अक्षर ऐकू न येताही ज्याच्याशेजारी बसावंसं वाटतं, अशा माणसाशी कशी स्पर्धा करायची?

पुढे अण्णांचे डोळे अधू झाले. सुईत दोरा जाईना. मुलाला शहराबाहेर होसकोट्याच्या एका कारखान्यात नोकरी होती, तो त्यांना घेऊन गेला. जाताना अण्णा घड्याळ आमच्याकडे ठेवून गेले. म्हणाले, मास्तरांचा सेल आहे त्यात, त्यांच्याकडेच राहू दे. दुकानाच्या जागी एसटीडी बूथ आला. मला आनंद झाला होता, कशाला लपवू? वाटलं, आता तरी माझी पाळी.

पण बाबा गॅलरीत बसून बूथकडे बघत राहायचे. जेवण कमी झालं. डबी फळीवर, वायर तिच्याभोवती गुंडाळलेली. मी समोर बसून बोलायची, ते माझ्याकडे बघून कसनुसं हसायचे.

शेवटी एका रविवारी मीच होसकोट्याची बस धरली. परत आल्यावर बाबांसमोर उभी राहून एकच शब्द म्हटला, "होसकोटे." त्यांनी तो ओठांवरून वाचला. उठले. मी आणून ठेवलेल्या पाकिटातला नवाकोरा सेल काढला, डोळे मिटून गालाला लावला, डबीत घातला आणि वायर कानात. "हं. बोल."

मी बोलले. अण्णांच्या नव्या खोलीबद्दल, तिथल्या कुंपणावर उन्हात मांडलेल्या सेलांबद्दल. आणि मधूनमधून चोरून माझंही सरकवलं. बसमध्ये जागा मिळत नाही, साहेब चिडका आहे, मला पुण्याची आठवण येते. बाबांनी तेही ऐकलं.

मग मला युक्तीच सापडली. दर थोड्या दिवसांनी मी होसकोट्याला जायची, वाण्याकडून सामान आणावं तशी अण्णांची खबर आणायची आणि तिच्या आड माझं ऐकवून घ्यायची. अण्णा दारापर्यंत पोचवायला यायचे, "मास्तर बरे ना?" विचारायचे, आणि त्याचाही मला राग यायचा.

एका रविवारी दार त्यांच्या मुलाने उघडलं. आत अण्णांच्या फोटोला हार होता. कुंपणावर सेल तसेच मांडलेले.

परतीच्या बसमध्ये काय सांगायचं याचीच जुळवाजुळव करत होते. घरी पोचले तर बाबा वायर लावून तयार बसलेले. डबीवर हात.

"काय म्हणतोय?"

"बरे आहेत," मी म्हटलं. "डोळ्यांचं चाललंय. तुमची आठवण काढत होते."

गेलेल्या माणसाचाही मला त्या क्षणी हेवा वाटला. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यातला सेल मी केव्हाच गुपचूप बदलला होता.

"पुढच्या वेळी त्याला सांग, घड्याळ अजून चालतंय."

"सांगते," मी म्हटलं, आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढून माझ्या ऑफिसातलं सांगायला लागले. बाबा ऐकत होते.