समुद्रापाशी नेलेला कूलर

नागपुरात कोणताही मोठा निर्णय जानेवारीत घेऊ नये. थंडीत कुडकुडणारा माणूस कोणत्याही गरम गावाले 'हव, चालते' म्हणून बसते. आमचंही तसंच झालं.

माहे बाबा कूलरवाले. आजोबा उमरेडले हातमागावर साड्या विणत. बाबाच्या वाट्याले माग आला नाई, म्हणून ते नागपूरले येऊन कूलर शिकले. होळी जवळ आली का त्यांचा सीझन सुरू. लोकायच्या घरी जा, जुनं गवत काढा, नवं भरा, पंप पाहा, पंख्याले तेल द्या. त्या गवताची धूळ इतके वर्ष छातीत गेली, अन् आता थंडी पडली का बाबाले दम लागते. आई गेल्यापासून नागपूरले लागून असलेल्या वाडीत भाड्याच्या खोलीत आम्ही दोघंच. मी त्यांचा खोकला ऐकाले, अन् ते माह्या नकला ऐकाले.

नकला ही माही जुनी बिमारी. शाळेत असताना हेडसरच्या आवाजात मी अख्ख्या वर्गाले सुट्टी देऊन टाकली होती. पुढं वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, बनवाले लागलो. तिथले सेठ नाकातून बोलत, म्हणजे माह्यासाठी तर लॉटरीच.

त्याच सेठनं मले वर्षभरासाठी चेन्नईच्या गोदामावर धाडलं. वर्ष संपाले आलं तसं म्हणे, पक्का होऊन जा, पगार वाढवतो, दोन खोल्या देतो, बाबाले घेऊन ये. नाई तर वाडीची जुनी खुर्ची आहेच. पण जवाब उन्हाळ्याच्या आत पाहिजे.

मी सुट्टीवर घरी आलो तवा बाबा दोन-दोन स्वेटर घालून बसले होते. मी सेठच्या आवाजात सुरू केलं, "देखो भाऊ, उधर ठंड का नाम नहीं. छाती एकदम फर्स्ट क्लास. सामने समुंदर, फोकट में." मंग वरच्या मजल्यावरच्या काकूच्या आवाजात उलटी बाजू, "अवो भाऊजी, तिकडं रोज भातच खा लागते म्हणते. अन् कोणी मेलं तर रडाचं कोणत्या भाषेत?"

बाबा हसता हसता खोकलले. डोळे पुसले अन् म्हणे, "हे दोघं तर समजले. तू काय म्हणतो?"

"मी म्हणतो, चला," मी म्हटलं. माहा खरा आवाज मलेच पातळ वाटला.

"तिथं गरमी पडते?"

"बाराही महिने."

"मंग काय टेन्शन आहे लेका. बाराही महिने गरमी म्हणजे बाराही महिने सीझन."

ह्या एका वाक्यावर आमचं ठरलं. वर्षभर तिथं राहून मी एकाही खिडकीत कूलर पाह्यला नव्हता. त्याचा मतलब मी काय काढला, तर मैदान मोकळं आहे. बाबानं नवा पत्रा आणून एक कूलर घडवला, आपल्या खोलीसाठीही होईन अन् लोकायले दाखवालेही होईन. त्याले खसची, म्हणजे वाळ्याची, टाटी लावली, लग्नातल्या नवरदेवासारखा सजवला, अन् वाडीहून ट्रकनं रवाना केला. मागून आम्ही रेल्वेनं.

पहिले आठ दिवस तर मी खूश होतो. बाबाचा दम थांबला. संध्याकाळी समुद्रावर आम्ही फिराले जात होतो, अन् ते कुठं न बसता चालत होते. अशी चाल मी लहानपणी पाह्यली होती. मी मनात सेठले हो म्हणून टाकलं.

मंग कूलर आला. बाबानं खिडकीत बसवला, पाणी भरलं, बटण दाबलं. पंखा फिरला, पंप चालला, टाटी भिजली, अन् खोलीत ओली, चिकट हवा भरली. चादर ओली, पापड नरम, माचीसची काडी ओढली तर मुंडकंच गळून पडे. बाबानं गवत बदललं, पंप खालीवर केला, दार उघडं ठेवून पाह्यलं. शेजारचे एक अण्णा आले, कूलरपुढं हात धरून उभे राह्यले, मान हलवली अन् चालले गेले. ते गेल्यावर मी त्यांची नकल केली. बाबा हसले नाई.

"तो भला माणूस आहे गा. हसला नाई तो."

कूलरात काहीच बिघाड नव्हता. हवाच तिथली आधीपासून भिजलेली, तिले अजून भिजवून काय थंड होते. हे बाबाले समजलं, पण समजूनही दोन आठवडे ते त्याच्यामागं पेचकस घेऊन लागले होते. मंग त्यांनी खोलीतले नळ घट्ट केले, दाराच्या बिजागऱ्या घट्ट केल्या, अन् मंग करासारखं काहीच राह्यलं नाई. दिवसभर खिडकीपाशी बसून राहत.

होळीच्या तोंडावर नागपूरहून फोन सुरू झाले. भाऊ, कूलर कवा भरता? बाबा गॅलरीत उभं राहून जोरजोरात बोलत. चेन्नईत मले त्यांचा तसा आवाज तेवढाच ऐकू आला.

"मी जातो," एका सकाळी ते म्हणे.

"अन् छाती?"

"छाती थंडीत खोकलते. उन्हाळ्यात तिले टाइमच नसते."

"मंग मीही येतो. वाडीची खुर्ची आहे माही."

"काहून? घरोघरी एसी लागून राह्यले. माहा सीझन अजून किती चालन? तू माह्यासंगं येऊन दोघं जणं काय गवत भरू?"

ते बरोबर बोलून राह्यले होते, अन् त्याचंच वाईट वाटते. चूक बोलले असते तर मी भांडलो असतो. बाबा नागपूरले गेले, मी चेन्नईत पक्का झालो. तो कूलर तिथं कोणी फुकटातही घेतला नाई, शेवटी भंगारवाल्याले दिला.

आता पुन्हा थंडी आहे, मी सुट्टीवर वाडीले आलो आहे. बाबाचा दम मागच्यापेक्षा जास्त आहे. पाण्याची बादली अर्धीच भरतात. काल मी म्हटलं, "थंडीपुरते तरी चला."

"पाहू," म्हणे. त्यांच्या 'पाहू'चा अर्थ मले लहानपणापासून माहीत आहे.

आज सकाळी खोकल्याची उबळ आली असतानाच गिऱ्हाइकाचा फोन वाजला. बाबानं मले हातानं थांब म्हटलं, दम गिळला अन् एकदम खणखणीत आवाजात बोलले, "हव ताई, होळीच्या आधी येतो ना. तुमचं पहिलं." बिमारीचा जरासाही पत्ता त्या आवाजात नव्हता. इतके वर्ष नकला केल्या, पण असा आवाज मले कधी काढता आला नाई. फोन ठेवला अन् भिंतीले धरून ते खोकलत राह्यले. मी पाठ चोळत होतो.

"तुही गाडी किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.

"दुपारी."

"मंग डबा आतापासून भर. घाईत विसरतो तू."