पान सत्तावन्न आणि फरीदा मॅडम

श्रीमती फरीदा मुकादम यांची आणि माझी ओळख झाली ती एका नकारामुळे. तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात तीस वर्षे ऑपरेटर म्हणून काम करून मी निवृत्त झालो होतो. नव्याने लागणाऱ्या कामगारांसाठी चार समजुतीच्या गोष्टी तीन वह्यांत लिहून काढल्या होत्या. एका प्रकाशकांनी त्या वह्या सहा महिने ठेवून घेतल्या आणि ‘अशा पुस्तकाला वाचक नाही’ असे कळवून परत केल्या. मी चिडलो. मी पटकन चिडतो, हे मॅडमच्या या अमृतमहोत्सवी ग्रंथात लिहिणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहेच. त्याच आठवड्यात पनवेलच्या वाचनालयातल्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली: ‘आपले पुस्तक आपणच काढू या. दर रविवारी सकाळी. चहा मिळेल.’ खाली फरीदा मॅडमचा पत्ता होता.

मराठीच्या शिक्षिका म्हणून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी माझी पहिली वही घेतली, दहा-बारा पाने शांतपणे वाचली आणि विचारले, “हे पुस्तक कोण घेणार?”

“सगळे कामगार,” मी म्हणालो.

“सगळे म्हणजे कोणीच नाही, शिंदे. तीन माणसांची नावं सांगा.”

मला एकच नाव सुचले. बेलपाड्याचा जनार्दन, माझ्या हाताखाली तयार झालेला. “मग आधी त्याच्यासाठी लिहा,” त्या म्हणाल्या, “उरलेली दोन नावं पुढच्या रविवारी आणा.” पुस्तक खपवणे म्हणजे ओरडणे अशी माझी समजूत होती. ते ओळखीच्या माणसापासून सुरू होते, हे मला त्या रविवारी कळले.

हे सगळे त्या स्वतः कशा शिकल्या, तेही सांगायला हवे. त्यांना आपल्या अम्मीच्या हातच्या पाककृती कुवेत आणि मस्कतमधल्या भाच्या-सुनांपर्यंत पोचवायच्या होत्या. छापील पुस्तक तिथवर पाठवणे अवघड, म्हणून त्या ई-पुस्तकाच्या मागे लागल्या. त्या काळी मराठी जोडाक्षरे मोबाइलच्या पडद्यावर फुटून जात. मॅडम तीन महिने त्या फुटक्या अक्षरांशी झगडल्या, कॉम्प्युटर क्लासमध्ये विशीतल्या मुलींच्या शेजारी बसल्या, आणि पुस्तक काढलेच. नंतर त्यांनी मागणीनुसार छपाईची वाट शोधली. एक मागणी आली की एकच प्रत छापायची, दोन आल्या की दोन. घरात गठ्ठे पडून राहायला नकोत. ही वाट त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. सुकापूरच्या गृहिणींपासून निवृत्त पोस्टमनपर्यंत कितीतरी जणांची पुस्तके त्यांच्या दिवाणखान्यात तयार झाली.

त्यांचा जिव्हाळा मला घरातही अनुभवायला मिळाला. माझ्या पत्नीचे खुब्याचे ऑपरेशन झाले तेव्हा मॅडम डबा घेऊन आल्या. माझ्या पुस्तकाची मुद्रिते मी पिशवीतून बाहेर काढताच त्यांनी मला व्हरांड्यात पिटाळले आणि स्वतः पत्नीशी गप्पा मारत बसल्या. “पुस्तक पळून जात नाही,” म्हणाल्या. पत्नी आजही त्यांच्या हातच्या सांदणांची आठवण काढते.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो आहे, तिकडे वळतो.

माझे ‘शिफ्टवर जाताना’ हे पुस्तक निघाले तेव्हा आमच्या रविवारच्या मंडळात आनंदीआनंद होता. काही प्रती आम्ही हातोहात दिल्या, काही मागणीनुसार छापून देणाऱ्या संकेतस्थळावरून गेल्या. तिसऱ्या महिन्यात जनार्दनचा फोन आला.

“भाऊ, पानी आदी घ्याचं, मंग त्यात ॲसिड सोडायचं, तुमीच शिकवलंत ना आमाला? बुकात उलटं कसं हाय? सत्तावन्न पान बगा. मी नवीन लोकांना वाचायला दिलंय ते.”

मी पान उघडले आणि खुर्चीवर बसलो. आम्लात पाणी ओता, असे तिथे छापले होते. तसे केले तर ते उसळून तोंडावर येते. तीस वर्षे माझे हात ते बरोबर करत आले होते आणि लिहिताना मी उलटे लिहिले होते.

चूक कशी राहिली, हे आजवर मॅडम आणि मी सोडून कोणालाच माहीत नाही. पहिल्या मसुद्यातली ही चूक मॅडमनी पकडली होती. त्यांनी लाल पेनाने गोल करून माझ्याकडून ती दुरुस्त करून घेतली होती. शेवटची फाइल संकेतस्थळावर चढवायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, रविवारपर्यंत थांबा, एकदा पुन्हा नजर टाकते. मला दम नव्हता. नंतर कधीही दुरुस्त करता येते, ही या छपाईची सोय आमच्यासारख्यांना बेफिकीर करते. मी घाईने दुरुस्तीआधीची जुनीच फाइल चढवून मोकळा झालो.

जनार्दनचा फोन ठेवल्यावर मी अर्ध्या तासात नवी फाइल चढवली आणि मॅडमकडे गेलो. “केलं दुरुस्त. कोणाला कळणारही नाही,” मी म्हणालो.

त्यांनी पुस्तक हातात घेऊन पान सत्तावन्न उघडले. मग म्हणाल्या, “फाइल दुरुस्त झाली, शिंदे. लोकांच्या घरात आहे ते पुस्तक कुठे दुरुस्त झालं?”

“मॅडम, गेटवर सगळे मला ओळखतात. नाव जाईल माझं.”

“आणि कोणाचे डोळे गेले तर?”

हातोहात दिलेल्या प्रतींची नावे-गावे मॅडमनी एका वहीत लिहून ठेवली होती. या वहीवरून आम्ही त्यांची थट्टा करायचो, तीच आता कामाला आली. संकेतस्थळावरून गेलेल्या प्रती मात्र कोणाकडे आहेत हे कळायला मार्ग नव्हता, कारण घेणाऱ्याचे नाव लेखकाला कळवतच नाहीत. मग पुस्तक खपवायला जे जे केले होते, ते ते सगळे मॅडमनी चूक सांगण्यासाठी केले. पत्रके वाटली, मोबाइलच्या प्रत्येक ग्रुपवर लिहिले. संकेतस्थळावर जिथे वाचक अभिप्राय देतात, तिथे स्वतःच्या नावाने लिहिले की पान सत्तावन्न चुकीचे आहे. आमच्यातलेच काही लेखक कुरकुरले, आपल्याच मालाची बदनामी कशाला म्हणून. खप थांबलाच. मॅडमनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

सकाळची पाळी सुटताना आम्ही दोघे तळोज्याच्या कारखान्याच्या गेटबाहेर उभे राहायचो. मॅडमचे गुडघे तेव्हाही दुखत होते. डोक्यावरची ओढणी सावरत त्या प्रत्येकाला थांबवून सांगत, “पुस्तक असेल तर ही दुरुस्तीची चिठ्ठी त्या पानावर चिकटवा. चूक आमची आहे.” एकाने माझ्यासमोर विचारले, “मॅडम, तुम्ही तपासलं नव्हतं का?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “संपादक म्हणून माझं नाव आहे बाबा त्यावर.” मी तोंड मिटले. खरे सांगायचे तर मला हायसे वाटले.

तेव्हापासून आपल्या वर्तुळात अधूनमधून ऐकू येते, ‘मॅडमच्या नजरेतूनही एकदा सुटलं होतं बरं का.’ लोक ते प्रेमाने म्हणतात, मॅडम हसतात. मी चहा पीत गप्प बसतो. इतकी वर्षे गप्प बसलो, याची मला लाज वाटते. कोणाला इजा झाल्याचे कधी कानावर आले नाही, एवढेच माझे नशीब. संकेतस्थळाने कळवलेला विक्रीचा आकडा आणि चिठ्ठी चिकटवल्याचे कळवणारे वाचक यांचा मेळ घातला, तर एक प्रत अजून कुठेतरी चिठ्ठीविना आहे. मॅडम आजही नवीन कामगार भेटला की तिच्याबद्दल विचारतात.

या लेखासाठी परवानगी मागायला फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, “लिहा. पण कौतुक जरा कमी करा आणि तेवढ्या जागेत ती दुरुस्ती छापा. हा ग्रंथ बऱ्याच घरांत जाईल.” अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात असले काही मागणारे दुसरे कोणी माझ्या पाहण्यात नाही.

मॅडम, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, गुडघ्यांना बळ मिळो, रविवारची सकाळ तुमच्या दिवाणखान्यात अशीच गजबजलेली राहो, ही तुमच्या या आगाऊ विद्यार्थ्याची मनापासून प्रार्थना.

आणि वाचकहो, त्यांच्या इच्छेप्रमाणे ही दुरुस्ती. ‘शिफ्टवर जाताना’, पिवळे मुखपृष्ठ, पान सत्तावन्न: आधी पाणी घ्यावे, मग त्यात आम्ल थोडे थोडे सोडावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये.

खालची ओळ त्यांना न विचारता मी जोडतो आहे. ही चूक फरीदा मॅडमनी छपाईआधीच पकडली होती. जुनी फाइल मी चढवली.

– शिंदे, सुकापूर