इस्त्रीचे मणी आणि हुपरीचं दार

परदेशी निघायच्या सकाळी आईने कपड्यांच्या बॅगेत इस्त्री कोंबली. "तिकडं मिळंल न मिळंल. न्हे की." आप्पा कारखान्यातून हात पुसत बाहेर आले. कारखाना म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. हुपरीत घराघरांत चांदीचे पैंजण होतात, तसे आमच्याकडेही. "पोचल्यावर फोन कर," एवढंच ते बोलले. गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला लागली, तरी काय वाटतंय ते मला नीट कळत नव्हतं. रडू येत नव्हतं, आनंदही होत नव्हता.

नेदरलँड्सच्या त्या छोट्या गावात नवरा कामावर आणि आमची सहा वर्षांची सई शाळेत गेली की मी खिडकीशी बसायचे. कुठल्या डब्यात कुठला कचरा टाकायचा, तेही समजायचं नाही. शेजारी अनेका नावाच्या साठीच्या बाई एकट्या राहायच्या. सईच्या वाढदिवसाला त्यांनी एक खोका आणून दिला. आत नळीच्या बारीक तुकड्यांसारखे रंगीत प्लॅस्टिकचे मणी आणि खिळ्यांसारखी टोकं असलेली एक पाटी. खोक्यावरचं नाव फोनने भाषांतर करून सांगितलं, 'इस्त्रीचे मणी'. मी खोका उलटा करून दोरा शोधला. मण्यांना इस्त्री कशाला?

शाळेत सईला एक छोटं घर करून आणायला सांगितलं होतं. तिने टोकांवर एकेक मणी बसवून लाल छपराचं घर केलं. मी आईची इस्त्री कडक तापवली आणि थेट वर ठेवली. लाल छप्पर इस्त्रीलाच चिकटून वर आलं. सईने एवढा गळा काढला की अनेका धावत आल्या. त्यांना इंग्रजी जेमतेम, मला डच अजिबात नाही. त्यांनी हातानेच दाखवलं: मण्यांवर कागद ठेव, इस्त्री मध्यम तापव, हलके गोल फिरव. मणी एकमेकांना धरतात, पण भोकं पुरती बुजायच्या आत थांब. मग उलटून दुसरी बाजू, आणि गार होईपर्यंत वर जाड पुस्तक, म्हणजे वाकत नाही.

पुढे सई शाळेत गेली की मीच पाटी घेऊन बसायला लागले. हुपरीचं घर करायचं ठरवलं. भिंत झाली, पायरी झाली, तुळसही झाली. दारापाशी अडले. रंग कुठला होता? ज्या दारातून रोज आत-बाहेर केलं, त्याचा रंग आठवेना! घाबरून घरी फोन लावला.

"कुठलं दार?" आप्पा म्हणाले. "ते काढलं की गं. शटर बसवलंय. तुझ्या खोलीतबी मशीन लावलंय. सांगायचं ऱ्हायलं बघ."

मी विचारलं, "पण तेव्हा कुठला रंग होता?"

"हिरवा."

मागून आई ओरडली, "कुठला हिरवा! निळा हुता. मी पुसत हुतो रोज, मला म्हाईत न्हाय व्हय?"

दोघांची जुंपली. माझा फोन तसाच कानाला.

मी हिरवे मणी लावले, काढले. निळे लावले, तेही काढले. शेवटी दाराची जागा मोकळी ठेवून इस्त्री फिरवली. संध्याकाळी सईने त्या फटीतून बोट घातलं आणि विचारलं, "आई, हे कुणाचं घर?" मी 'माझं' म्हणाले, मग 'आप्पांचं' म्हणाले, मग 'आपलं'.

सुट्टीला जाणाऱ्या एका इचलकरंजीच्या ओळखीच्या बाईंबरोबर ते घर मी हुपरीला धाडलं. आप्पांनी ते कारखान्यात, कामाच्या टेबलासमोर टांगलंय. आई फोनवर सांगत होती, येणारा प्रत्येक पावणा विचारतो, घर झ्याक हाय, पण ह्याला दार कुठाय?

"मग तू काय सांगतेस?"

"काय सांगू? पोरगी आली की लावंल म्हणतो."

तुमच्यातले जे गावातच राहिले आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना घर म्हणजे काय ते कळलंही असेल. मला विचाराल तर, माझी वाट बघणारी एक मोकळी जागा, एवढंच सांगता येईल. पुढच्या महिन्यात आम्ही हुपरीला निघतोय. बॅग आत्तापासूनच भरून झाली आहे. हिरवे मणी न्यायचे की निळे, तेवढं अजून ठरत नाही.