चोरांनी माझं झाड सोडलं

माझ्या थोरल्या जावेबद्दल, बाओझूबद्दल, सांगायचं तर आधी एक कबूल करते. मी तिच्यावर जळते. पन्नास वर्षं जळतेय. आता एकोणसत्तराव्या वर्षी लपवून कुणाचं भलं होणार आहे?

आमच्या गावात सुना नदीपलीकडून, पुलावरूनच येतात. लाकडी कमानीचा पूल, वर कौलं, दोन्हीकडे बाक, मधोमध ग्वानयिन देवीचा देव्हारा. सासूबाई येताजाता सांगायच्या, "थोरली पुलावर पाऊल टाकायला आणि धुकं निघून जायला एकच गाठ पडली." आणि मी आले तेव्हा? तेव्हा माझ्या माहेरून आलेलं डुक्कर कठड्यावरून नदीत पडलं. तेही सासूबाई सांगायच्या.

बाओझूचा नवरा ओंडके ओढताना कड्यावरून गेला. ती एकोणतिशीची, पदरात मूल नाही. माहेरी गेली नाही, दुसरं लग्न केलं नाही. तिने तो पूलच धरला. रोज सकाळी फळ्या झाडायची, देवीपुढे उदबत्ती लावायची, उन्हाळ्यात येणाऱ्याजाणाऱ्यासाठी चहाचा हंडा भरून ठेवायची. लोक पेला तोंडाला लावून म्हणायचे, "बाओझूसारखी बाई नाही." चहाची पानं माझ्या मळ्यातली होती, हे एकाही मेल्याने विचारलं नाही.

क्रांतीच्या नावाखाली मूर्त्या फोडायला टोळकी फिरत होती, त्या वर्षी हिने देवी मोहरीच्या पाल्याच्या लोणच्यात लपवली. अजून गाव त्याच्या गोष्टी सांगतं. बरणी माझी होती. लोणचंही माझंच. सगळं फुकट गेलं, वर नाव तिचं.

मला चार मुलगे. चार! पण धाकटा वेइचांग चालायला लागला तो तिच्या चुलीकडेच. चिकट भाताच्या वड्या खायच्या तर मोठ्या काकूच्या, ताप आला तरी मोठी काकूच हवी. मी हाक मारली की म्हणायचा, "येतो गं, काकूचं लाकूड फोडून येतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सरकारने घराघराला डोंगर वाटून दिले त्या वर्षी आम्ही दोघींनी एकाच दिवशी फर वृक्षाचं एकेक रोप लावलं. तिचा डोंगर माझ्या डोंगराला लागून. मी झाडाची निगा राखावी तशी राखली. दर वसंतात बुंध्याशी फुटवे आले की कोयत्याने साफ. सगळा जोर खोडात गेला पाहिजे. हिच्या झाडाभोवती मात्र नुसतं रान. मी म्हटलं, "जाऊबाई, छाटा की हे. झाड खुरटेल."

ती म्हणाली, "असू दे गं लानश्यांग. आलेत तर राहू देत."

आळशी मेली, मी मनात म्हटलं. छत्तीस वर्षांत माझं झाड असं सरळ गेलं, की खालून बघताना मान दुखावी. तिचंही बरं होतं. पण माझ्यापेक्षा वीतभर बारीकच. मी दोरीने मोजलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या पुरात पूल गेला. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कौलांसकट उचलला गेला. बाओझू काठावर मूर्ती छातीशी धरून उभी होती. पाणी चढायच्या आत देवी बाहेर कुणी काढली? अर्थात तिनेच.

गावाने पूल पुन्हा लाकडाचाच बांधायचं ठरवलं आणि दोंग मिस्त्रींना बोलावलं. पूल बांधणाऱ्यांच्या घराण्यातले ते शेवटचे. बाकी लाकूड विकत चालतं, पण आढं चोरूनच आणायचं असतं. पहाटे दुसऱ्याच्या डोंगरावर जायचं, झाड पाडायचं, बुंध्यावर पैशांचं लाल पाकीट ठेवायचं, फटाके उडवायचे. मग मालकाने धावत येऊन चोरांना तोंडभर शिव्या द्यायच्या. जितक्या शिव्या, तितकं पुलाचं आयुष्य. आणि त्या आढ्यावर शाईने मालकाचं नाव लिहितात. सगळं गाव त्याच्याखालून चालतं.

माझं नाव! आयुष्यात एकदा तरी गावाने मान वर करून माझं नाव वाचायला नको?

मी महिनाभर तयारी केली. चोर घसरू नयेत म्हणून झाडाकडची पायवाट साफ केली. कुत्रं भावाकडे पाठवलं. कोंबड्यांना दाणे टाकता टाकता शिव्या घोकल्या. बाओझूला मुद्दाम म्हटलं, "आमच्याकडे चोरी होईल म्हणतात बाई. काय करावं?"

ती हसून म्हणाली, "होऊ दे की. तुझ्या झाडाच्या तोडीचं झाड आहेच कुठे?"

ते खरं बोलली की टोमणा मारला, याचा विचार करत मी दोन दिवस जेवले नाही.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता फटाके वाजले. मी सदरा उलटा घालून धावले. ओठांवर पहिली शिवी तयार! वर पोचले तर माझं झाड जसंच्या तसं उभं. धूर शेजारच्या डोंगरावरून येत होता.

तिथे बाओझूचं झाड आडवं पडलं होतं, लाकडी घोड्यांवर ठेवलेलं, जमिनीला टेकू न देता. दोंग मिस्त्री आणि सहा माणसं खाली मान घालून शिव्यांची वाट बघत उभी. आणि कुऱ्हाड कुणाच्या हातात? माझ्या वेइचांगच्या! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो माझ्याच पोटी यावा!

"आईचं झाड दिसलं नाही का रे तुला? डोळे फुटले होते?"

तो पुटपुटला, "आई, मीच आधी तुझ्या झाडाकडे नेलं होतं सगळ्यांना."

दोंग मिस्त्री म्हणाले, "काकू, आढ्याच्या झाडाला बुंध्याशी फुटवे लागतात. वंश वाढतो म्हणतात गावाचा. तुमच्या झाडाला एकही नाही. सगळे छाटलेत."

जुना पूल सव्वाशे वर्षं टिकला, तेवढ्यात आढं चोरायची वेळच आली नव्हती. मला कोण सांगणार होतं? मी हिच्या झाडाकडे बघितलं. ताज्या बुंध्याभोवती सात फुटवे, गुडघ्याएवढे, कंबरेएवढे.

बाओझू आली. झाडाकडे बघत उभी राहिली. मिस्त्री हळूच म्हणाले, "मोठ्या काकू, द्या शिव्या." तिचे ओठ हलले, आवाज फुटेना. जन्मात कुणाला अरे म्हटलेलं नाही, शिव्या कुठून आणणार? सगळे खोळंबले. शिव्यांशिवाय झाड उचलायचं नसतं.

मग माझा तोल गेला. "मुडद्यांनो! हात झडोत तुमचे! तळपट होवो! एवढा डोंगर पसरलाय आणि तुम्हाला हेच दिसलं? आणि तू रे, खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्या, हिच्या हातच्या वड्या खाऊन हिच्याच मुळावर घाव घालतोस? नवरा गेला, मांडीवर मूल आलं नाही, या बाईने आयुष्यात हे एक झाड वाढवलं, तेही पाडलंत! आता काय उरलं तिच्याकडे? सांगा, काय उरलं?"

मी थांबले. हे मी घोकलेलं नव्हतं.

बाओझू रडत होती. तिने माझा हात धरला आणि काही केल्या सोडेना. मिस्त्री म्हणाले, "तीनशे वर्षं टिकेल पूल." मग त्यांनी झाड उचललं.

पूल होऊन वर्ष झालं. आढ्यावर तिचं नाव आहे, मोठ्या अक्षरांत. रोज दुपारी आम्ही दोघी त्याच्याखाली बसतो. तिला हल्ली कमी दिसतं. ती विचारते, "लानश्यांग, शाई उडाली नाही ना गं?" मी वर बघते आणि सांगते, "नाही हो. चांगली ठळक आहे." आणि पोटात दुखतं. अजून दुखतं.

तिच्या बुंध्याचे फुटवे आता माणसाच्या उंचीचे झालेत. वेइचांग त्यांना पाणी घालायला जातो. माझं झाड उभं आहे. सरळ, जाड, एकटं. या वसंतात मी बुंध्याशी जाऊन बसले, कोयता घरी ठेवून. काही फुटलं नव्हतं.