शेवटचा नग

"मग काय, घरी बसून माझ्या डब्यांना नंबर घालणार आहात?" बायकोने हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. "मालक स्वतः जिना चढून आले. आणखी दोन वर्षं राहा म्हणाले. बाकीच्यांना साठी झाली की हार घालून वाटेला लावतात, आणि तुम्हाला चालून आलेलं नकोय. कारण तरी सांगाल?"

"थकलोय."

"थकलाय! काल माळ्यावरच्या सगळ्या ट्रंका उतरवल्यात, तेव्हा कुठे गेला होता थकवा?"

"आई, हळू," खिडकीशी शाळेच्या वह्या तपासत बसलेली मुलगी म्हणाली. "खालच्या मजल्यावर ऐकू जातंय."

"जाऊ दे. त्यांना तरी कळू दे. माझ्या तर काही डोक्यात शिरत नाही."

तो मोरीत हात धूत राहिला. रविवार होता, हाताला ग्रीसचा ठिपकासुद्धा नव्हता.

रस्ते खोदणाऱ्या, माती उचलणाऱ्या यंत्रांच्या एजन्सीत तो एकतीस वर्षं स्पेअर पार्टचं स्टोअर सांभाळत होता. वर्कशॉपमधले सगळे त्याला मामा म्हणत, मालकसुद्धा. चार हजारांवर जिनसा, प्रत्येकीचा खण, खणाला टांगलेलं कार्ड: किती आले, किती गेले, किती उरले. कॉम्प्युटर आला तेव्हा मालकांना वाटलं, आता मामा गांगरणार. त्याने महिन्याभरात कॉम्प्युटरच्याच चुका काढून दाखवल्या. ऑइल सील नुसतं बोटांत फिरवून तो सांगायचा, "हे जुन्या मॉडेलचं. बसवलंत तर आठवड्यात गळेल."

आणि त्याची एक पद्धत होती. आधीच्या स्टोअरकीपरने शिकवलेली. शेवटचा नग द्यायचा नाही. खणात एकच उरला की कार्डावर 'वर्कशॉपला दिला' असं लिहून शिल्लक शून्य करायची, आणि तो नग आपल्या टेबलामागच्या राखाडी कपाटात ठेवायचा. मोठं गिऱ्हाईक अडलं, मालक घामाघूम होऊन आले, की "थांबा, बघतो" म्हणत आत जायचं. एकदा त्याने असाच पंपाचा एक वॉल्व्ह आतून आणला, तेव्हा मालकांनी सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर थाप मारली होती. त्या संध्याकाळी तो गुणगुणत घरी आला होता. चोरी नव्हती ती. एक नगही कधी स्टोअरबाहेर गेला नव्हता. वर्षअखेरच्या मोजणीला ते कपाट कुणी उघडत नसे. मामांचं कपाट, त्यात काय बघायचं?

"तिथे कुणी काही बोललं का तुम्हाला?" बायकोचा आवाज उतरला. "त्या नव्या मॅनेजरने?"

"नाही."

"मग तब्येतीचं काही आहे? डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आलात?"

ती खरंच घाबरली होती. ते पाहून त्याला खुर्ची ओढून बसावंच लागलं.

"तो लोडरचा ड्रायव्हर. पाय गेला तो. आठवतो?"

"आठवतो ना. आठवडाभर धड जेवला नव्हतात."

"अपघाताच्या चार दिवस आधी तो काउंटरवर आला होता. बकेट उचलायच्या दांड्याचा ऑइलचा होज, ती जाड रबरी नळी, चिरला होता, मोबाइलवर फोटो दाखवत होता. म्हणाला, मामा, बघा ना, एखादा तरी असेल कुठे. मी म्हटलं, असता तर दिला नसता का?"

मुलीचं पेन थांबलं.

"होता," तो म्हणाला. "माझ्या कपाटात. एक."

नवा माल यायला दहा दिवस होते. ड्रायव्हरचा ठेकेदार काम थांबवू देईना. त्याने चिरेवर पट्टी आवळली आणि लोडर चालू ठेवला. चौथ्या दिवशी बकेटखाली अडकलेला दगड काढायला तो वाकला, आणि होज फुटून बकेट त्याच्या पायावर आली. चौकशीला लोक आले तेव्हा मामांनी स्वतः कार्ड काढून दाखवलं: शिल्लक शून्य. कागदावर निष्कर्ष निघाला की पार्ट मिळण्यासारखा नव्हता, हे माहीत असूनही ड्रायव्हरने नादुरुस्त यंत्र चालवलं. पाय गेलाच होता, वर नोकरी गेली, आणि दोषही त्याच्याच माथी बसला. याला पाच महिने झाले.

"पण तुम्ही काय मुद्दाम केलंत?" बायको म्हणाली. "त्याने मशीन बंद ठेवायचं होतं. आणि त्या ठेकेदाराला कुणी जाब विचारला?"

"नाही."

"कपाटातलं कुणाला माहीत आहे?"

"आता तुम्हा दोघींना."

"मग?"

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. बायको उठली, गॅस बंद केला, पुन्हा येऊन बसली.

"बाबा, तो होज अजून आहे?" मुलीने विचारलं.

"आहे. मुदतवाढ घेतली तर कपाट माझंच राहील. नाही घेतली तर जायच्या आधी मी ते गुपचूप रिकामं करू शकतो. पाच महिने मी एवढंच ठरवतोय, यातलं सोपं कोणतं."

"एकतीस वर्षांचं नाव जाईल तुमचं," बायको म्हणाली. आता ती भांडत नव्हती. "मामा लबाड निघाले म्हणतील."

"म्हणतील."

"आणि त्याचा पाय काही परत यायचा नाही."

"नाही यायचा." तो उठला. "जेवायच्या आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा हा विषय नको. उद्या नऊ वाजता कपाटातले सगळे एकेचाळीस नग मालकांच्या टेबलावर मांडणार. काय झालं ते लिहून, सही करून देणार. त्याची एक प्रत ड्रायव्हरच्या घरी मी स्वतः नेणार. मुदतवाढ घेणार नाही. आता ताटं घ्या."