कुंपणाला फुटलेली पालवी

मार्चमधल्या एका रविवारी, मेहकरजवळच्या आमच्या तलावाच्या काठावर, सकाळी साडेसात वाजता माझी जाहीर खरडपट्टी निघाली. तेव्हा इथे फेसबुकवर लिहिलं नाही, कारण राग आला होता. आता राग गेलाय... आणि परवा जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही दहा-बारा रिटायर मंडळी दर रविवारी तिथे काठ साफ करायला जातो. समुद्रकिनारे साफ करणाऱ्या नातेवाइकांचे फोटो बघून बघून मला वैताग आला होता. बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, मान्य... पण घाण करायला तलावाचा काठ पुरतो की! गुटख्याच्या पुड्या, फुटके ग्लास, आणि देवाची फुलं प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात सोडणारे भाविक. पिशवीला गाठसुद्धा मारतात, देव पळून जाऊ नये म्हणून.

पण कचऱ्यापेक्षा मोठं दुखणं होतं बेशरम. जांभळट फुलांची ती दांडगी झुडपं काठावरून सरकत सरकत थेट पाण्यात उतरली होती.

तिथे मासे धरणाऱ्या सुभद्राबाई माझ्याच वयाच्या. मासळी असते उथळ कोपऱ्यात, आणि नेमकं तिथेच जाळं बेशरमीच्या खुंटात अडकून फाटायचं. मग दोन-दोन दिवस शिवत बसायचं. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "यंदा हा काठ मोकळा नाही झाला तं जाळं इकून टाकतो मी. डोये गेले शिवता शिवता."

ते वाक्य मी मनावर घेतलं. आणि मी मनावर घेतलं की इतरांची सुटका नसते... आमच्या ग्रुपमधले वानखडे सर सांगतील. गुडघे दुखतात म्हणून ते घरी बसू बघत होते, मी त्यांच्या हातात कोयता दिला.

जानेवारी-फेब्रुवारी आम्ही बेशरम तोडली. ढीग पडले. तेव्हा मला ती कल्पना सुचली. एवढी सरळसोट दांडकी फुकट का घालवायची? काठावरच्या ओल्या मातीत आम्ही करंज आणि जांभळाची रोपं लावली होती. प्रत्येक रोपाभोवती दांडकी खोचून घेतली, सारख्या अंतरावर, माझ्या देखरेखीखाली. सुभद्राबाई लांबून, जाळं शिवत, बघत होत्या.

तीन आठवड्यांत कुंपणाला पालवी फुटली. मी खूश! इथेच फोटो टाकला होता, आठवतोय? 'आमच्या कुंपणालाही वसंत कळला.' तुम्ही लोकांनी भरभरून बदाम टाकलेत... एकालाही अक्कल नव्हती. मला धरून.

पुढच्याच रविवारी सुभद्राबाई जाळं खांद्यावर टाकून समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, हे काय पेरून ठेवलं?"

"पेरलं नाही, कुंपण आहे."

"बेशरमीचं दांडकं वल्या मातीत खोचलं का लागतेच. आमच्या इथल्या लेकराले बी मालूम असते. एका झुडपाचे शंभर केले तुम्ही... आन् वरून पाणी बी घालून राह्यल्या!"

"मग तेव्हाच काऊन नाही सांगितलं?" रागाच्या भरात मीसुद्धा 'काऊन'वर आले.

"तुम्ही इचारलं कुठी? तुम्ही तं निरा सांगूनच राह्यल्या होत्या. हे इकडे ठेवा, ते तिकडे खोचा... मले वाटलं, शिकेल-सवरेल बाई हाय, काही इंग्लिश पद्धत असन!"

वानखडे सर इतके हसले की गुडघा विसरले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला ताडकन उत्तर द्यायला शिकवलं होतं आणि बँकेतल्या सगळ्या वर्षांत मी त्यात कधी कमी पडले नाही. त्या दिवशी मात्र मी विचारलं, "बरं... मग आता काय करू?"

"हां, आता कशा बोलल्या!"

मग त्यांनी शिकवलं. तोडायचं नाही, मुळासकट उपटायचं. बोटभर तुकडासुद्धा ओल्यात राहू द्यायचा नाही. सगळं वरच्या खडकाळ माळावर न्यायचं आणि मुळं वर करून उन्हात टाकायचं. रोपांना कुंपण हवंच असेल तर बोरीच्या वाळक्या काट्यांचं करायचं. दुसऱ्या रविवारी त्या गावातल्या चार बायका घेऊन आल्या. त्यांनाही आम्ही आजवर कधी बोलावलं नव्हतं... नुसतं त्यांच्यासमोर स्वच्छतेवर भाषण ठोकलं होतं. तेही मीच.

मे संपेपर्यंत उपटत होतो. ऊन असं की आठला हात थांबायचे. माझी कंबर गेली, ती अजून आलेली नाही.

परवा सुभद्राबाई त्या कोपऱ्यात गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि जाळं फेकलं. आम्ही सगळे काठावर उभे. त्या ओढायला लागल्या... कुठे हिसका नाही, कुठे अडकणं नाही. जाळं अलगद बाहेर आलं. त्यांनी आधी मासे बघितलेच नाहीत. ओल्या जाळ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली, मग मान वर केली.

"कुठीच नाही फाटलं. नाही इकत आता, बाप्पा!"

काठ वाचवायला आम्ही निघालो होतो, खरं. पण आमच्या तावडीतून तो सुभद्राबाईंनी वाचवला. त्या फेसबुकवर नाहीत, म्हणून येत्या रविवारी हे थँक यू मीच त्यांना वाचून दाखवणार आहे... आणि पलीकडचा बेशरमीचा पट्टा कुठून धरायचा, तेही विचारणार आहे. बोलणी बसतील. बसू देत.