रिजेक्टचं पाणी

आमच्या लिंबायत वस्तीमागची खाडी कापड मिलमधून सोडलेल्या रंगाप्रमाणे रंग बदलते, त्यामुळे तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आमच्या बोअरिंगचं पाणी मात्र दिसायला नितळ, आणि खरी फसवणूक तीच. मी कॉलेजच्या लॅबमध्ये काम करतो. एकदा बाटलीभर पाणी नेऊन तपासलं, तर त्यात क्रोमियम आणि शिसं निघालं.

पाणी गाळणाऱ्या मेम्ब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, कोळंबीच्या सालीपासून काढलेल्या द्रव्याचा थर चढवायचा आणि धातू अडवायचे, हेच माझं संशोधन. सर म्हणायचे, पेपर लिही. पेपर गेला खड्ड्यात, मला माझ्या मायला चांगलं पाणी पाजायचं होतं. जुन्या घरगुती फिल्टरमध्ये माझी मेम्ब्रेन बसवून तो मी ओट्यावर टांगला. त्याला दोन नळ्या. एकीतून चांगलं पाणी येई, दुसरीतून अडवलेल्या धातूंसकट टाकाऊ पाणी, म्हणजे रिजेक्ट. दुसरी नळी मोरीत सोडली आणि मायला बजावलं की या पाण्याला हात लावायचा नाही.

माय धुळ्याकडच्या कोरड्या गावातली. तांदळाचं धुवण म्हशीला, अंघोळीचं पाणी झाडाला, अशा वळणात वाढलेली. तिला काय सांगणार, कपाळ!

काही महिन्यांनी एका दुपारी लवकर घरी आलो, तर रिजेक्टची नळी माठात सोडलेली आणि माय त्याच माठातलं पाणी पीत बसलेली. माझं डोकंच फिरलं.

"माय, काढेल सगळं जहर यामाच शे!"

तिने पेला शांतपणे पालथा घातला. "चांगलं पानी थोडंच निघस. ते पोरेस्ले ऱ्हाऊ दे. माले काय व्हस?"

फिल्टर लावल्यापासून ती हेच पीत होती. माझ्या मुलांना चांगलं पाणी, पाहुण्यांना चांगलं पाणी, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेली करपट भाकरी जशी तिची, तसं हे पाणीही तिचं. मी माठ फोडला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

पुढे तिच्या किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, वय आहे, पाण्याचं ठामपणे सांगता येत नाही. मलाही सिद्ध करता येत नाही, आणि खाडीत विष सोडणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक आहे.

आता तिला डायलिसिसला नेतो. तिथेही मेम्ब्रेनच, एका बाजूला रक्त आणि दुसऱ्या बाजूला पाणी. माझ्या मेम्ब्रेनपेक्षा कितीतरी सरस बनवलेली, तरी ती मायला बरं करणार नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही.

परवा मशीनमागून गटारात जाणाऱ्या नळीकडे ती बराच वेळ बघत होती. मग मला खुणेने जवळ बोलावून हळूच म्हणाली, "भाऊ, इतलं पानी वाया जास. खाले एखादी बादली लाव ना."